अ‍ॅमेझॉन डॉट एफआर: दुकान अमेरिकी, कायदा फ्रेंच

अ‍ॅमेझॉनची फ्रेंच साइट २००० सालापासून चालू आहे. पानाची मांडणी, पिवळं बटण, ग्राहकांनी दिलेले तारे, एका क्लिकवर ऑर्डर, सगळं अमेरिकेतल्या साइटसारखंच. त्यामुळे अमेरिकेत काही वर्षं काढून पॅरिस किंवा लिऑनला बदली झालेला माणूस इथे बिनधास्त खरेदी सुरू करतो आणि महिन्याभरात चक्रावतो. नऊ युरोंच्या पुस्तकाला तीन युरो डिलिव्हरी लागते. नव्या कादंबरीची किंमत कोपऱ्यावरच्या दुकानात आणि इथे जवळपास सारखीच असते. उत्पादकाची एक वर्षाची वॉरंटी संपली म्हणून बिघडलेली वस्तू तो टाकून देतो, आणि मग कुणीतरी सांगतं की हक्क अजून सात महिने शिल्लक होता.

निकाल आधीच सांगून टाकतो: साइट चांगली आहे, आणि ग्राहकाच्या दृष्टीने बऱ्याच बाबतींत अमेरिकेतल्या साइटपेक्षा सरस आहे. पण तो फायदा आपोआप पदरात पडत नाही. अमेरिकी व्यापारात दुकानदार स्वतःहून उदार असतो. माल परत घेतो, फारसे प्रश्न विचारत नाही, कधी वस्तू ठेवा आणि पैसेही घ्या म्हणतो. ही उदारता त्याच्या धोरणातून येते, आणि धोरण तो उद्या बदलू शकतो. फ्रान्समध्ये हक्क कायद्यात लिहिलेला असतो. दुकानदाराला तो कमी करता येत नाही, पण ग्राहकाला कलम आणि बिल पुढे करून तो मागून घ्यावा लागतो. या एकाच साइटवर या दोन्ही पद्धती एकीवर एक बसलेल्या आहेत. कुठल्या टप्प्यावर कुठली वापरायची, हे ज्याला कळलं त्याचं इथे भलं होतं.

सुरुवात पुस्तकांपासून, कारण दोन देशांतला फरक इथे सगळ्यात उघडा पडतो.

१९७० च्या दशकात फ्नाक या फ्रेंच साखळीने पुस्तकांवर वीस टक्के सूट द्यायला सुरुवात केली आणि छोटे पुस्तकविक्रेते हादरले. खपाऊ पुस्तकं मोठ्या दुकानात स्वस्त मिळू लागली, तर कविता, तत्त्वज्ञान, पहिल्या कादंबऱ्या असा हळूहळू विकला जाणारा माल ठेवणाऱ्या दुकानांचं पोट भरणार कसं? सांस्कृतिक मंत्री ज्याक लांग यांनी १० ऑगस्ट १९८१ चा कायदा आणला आणि १ जानेवारी १९८२ पासून तो लागू झाला. नव्या पुस्तकाची किंमत प्रकाशक ठरवतो आणि विक्रेत्याला जास्तीत जास्त ५ टक्के सूट देता येते. २०११ पासून ई-बुकची किंमतही प्रकाशकच ठरवतो. अमेरिकेत छापील किंमत ही फक्त सूचना असते. विक्रेता हवं तितकं खाली उतरू शकतो, आणि खपाऊ पुस्तकांवर तीस-चाळीस टक्क्यांची सूट ही तिथे रोजची गोष्ट आहे.

अ‍ॅमेझॉनने फ्रान्समध्ये ५ टक्के सूट दिली आणि वर डिलिव्हरी मोफत ठेवली. पुस्तकविक्रेत्यांच्या संघटनेचं म्हणणं, मोफत डिलिव्हरी हीच मागच्या दाराने दिलेली सूट आहे. डिसेंबर २००७ मध्ये व्हर्सायच्या न्यायालयाने डिलिव्हरीचे पैसे घ्यायला सांगितलं. कंपनीने त्याऐवजी दिवसाला १,००० युरो दंड भरणं पसंत केलं. हा निर्णय पूर्णपणे अमेरिकी धाटणीचा आहे: दंड म्हणजे एक खर्च, ग्राहक टिकवण्यापेक्षा तो स्वस्त, तर भरून टाका. मग जुलै २०१४ मध्ये संसदेने कायदाच केला. घरपोच पाठवलेल्या नव्या पुस्तकावर ५ टक्के सूट नाही आणि डिलिव्हरी फुकट नाही. अ‍ॅमेझॉनने डिलिव्हरीचा दर लावला एक सेंट. कायद्याचं अक्षर पाळलं, हेतू बाजूला राहिला. नऊ वर्षं हा एक सेंट चालला. ७ ऑक्टोबर २०२३ पासून नवा नियम आला: ३५ युरोंपेक्षा कमी किमतीच्या नव्या पुस्तकांच्या ऑर्डरवर किमान ३ युरो डिलिव्हरी. ३५ किंवा जास्त असेल तर पुन्हा एक सेंट.

व्यवहारात याचा अर्थ असा. ३५ युरोंच्या हिशोबात नवी पुस्तकंच धरली जातात; सोबत घेतलेला चार्जर किंवा खेळणं त्यात मोजलं जात नाही. प्राइम सदस्यालाही हे तीन युरो माफ नाहीत, आणि याबद्दल कस्टमर सर्व्हिसशी भांडून काही मिळत नाही, कारण हा दर कंपनीचा नाही, सरकारचा आहे. जुन्या पुस्तकांना प्रकाशकाने ठरवलेली किंमत लागू नाही. त्यामुळे एकाच पुस्तकाच्या पानावर प्रकाशकाची किंमत आणि खाली वापरलेल्या प्रती असं दोन्ही दिसतं. नवं आणि जुनं स्पष्ट वेगळं दाखवायचं बंधन २०२१ च्या कायद्याने साइट्सवर घातलं आहे. तरी 'नव्यासारखं' म्हणून लावलेली प्रत खरंच नवी आहे असं समजून पैसे देऊ नका.

२०२४ च्या अखेरीस कंपनीने आणखी एक वाट काढली. पुस्तकंही विकणाऱ्या सुपरमार्केटच्या आवारातल्या लॉकरमधून पार्सल उचललं तर डिलिव्हरी फुकट. कायदा म्हणतो की पुस्तकाच्या दुकानातून माल उचलला तर डिलिव्हरी मोफत चालते. कंपनी म्हणते, मग हेही पुस्तकाचं दुकानच झालं. पुस्तकविक्रेत्यांना हे साफ अमान्य आहे. ऑर्डर करताना ही सोय दिसली तर वापरता येईल, पण तिच्या भरवशावर राहण्यात अर्थ नाही.

आमचं स्पष्ट मत: फ्रान्समध्ये नवं फ्रेंच पुस्तक अ‍ॅमेझॉनवरून मागवण्याचं कारण फार क्वचित असतं. किंमत सगळीकडे जवळपास एकच. प्लास दे लिब्रेर किंवा ले लिब्रेर यांसारख्या स्वतंत्र पुस्तकविक्रेत्यांच्या साइटवर जवळच्या कुठल्या दुकानात प्रत आहे ते दिसतं, ती राखून ठेवता येते आणि जाऊन उचलता येते. डिलिव्हरीचा प्रश्न येत नाही, आणि दुकानात उचललेल्या प्रतीवर ५ टक्के सूट कायद्याने चालतेसुद्धा. अमेरिकेतून आलेल्यांना 'ऑनलाइन म्हणजे स्वस्त' ही सवय मोडायला वेळ लागतो. पुस्तकांच्या बाबतीत ती इथे पहिल्या दिवसापासून मोडावी.

किमती आणि कर हा विषय थोडक्यात उरकता येतो. फ्रान्समध्ये पानावर दिसते ती किंमत करासह असते. बहुतेक वस्तूंवर २० टक्के व्हॅट, पुस्तकांवर ५.५. अमेरिकेत पानावर कराशिवायची किंमत दिसते आणि राज्यानुसार विक्रीकर शेवटी चढतो. ऑरेगन किंवा न्यू हॅम्पशरमध्ये शून्य, इतरत्र वेगवेगळा. त्यामुळे दोन साइटवरच्या आकड्यांची थेट तुलना करणं चूक आहे. इलेक्ट्रॉनिक वस्तू आणि फर्निचरच्या किमतीखाली छोट्या अक्षरांत पुनर्चक्रणाची वर्गणी वेगळी लिहिलेली असते. ती किमतीत धरलेली असते, वरून लागत नाही.

सेलबद्दल मात्र सावध राहावं. फ्रान्समध्ये 'सोल्द' हा सेल सरकारी तारखांना लागतो: वर्षातून दोनदा, एक जानेवारीत आणि एक जूनच्या शेवटी, प्रत्येकी चार आठवडे. या काळातच दुकानदाराला खरेदी किमतीच्या खाली माल विकता येतो. एरवी तोट्यात विकणं हा गुन्हा आहे आणि कंपनीला ७५,००० युरोंपर्यंत दंड होऊ शकतो. अमेरिकेत संघराज्य पातळीवर असा सरसकट मज्जाव नाही. तोट्यात विकून गिऱ्हाईक ओढणं ही तिथे मान्य चाल आहे. म्हणून ब्लॅक फ्रायडे आणि प्राइम डे फ्रान्समध्ये आले तरी त्यांतल्या सवलती तिकडच्याइतक्या खोल जात नाहीत. २०२० मध्ये लॉकडाउनमुळे छोटी दुकानं बंद होती, तेव्हा सरकारच्या आग्रहावरून सगळ्या मोठ्या विक्रेत्यांनी ब्लॅक फ्रायडे २७ नोव्हेंबरवरून ४ डिसेंबरला ढकलला आणि अ‍ॅमेझॉननेही ते मान्य केलं. खोडलेली जुनी किंमत किती खरी, हे तपासायला २०२२ पासून एक आधार आहे: ती किंमत मागच्या ३० दिवसांतली सगळ्यात कमी किंमत असली पाहिजे.

आता या परीक्षणातला सगळ्यात कामाचा भाग: माल परत करणं आणि दुरुस्ती.

ऑनलाइन घेतलेली वस्तू हातात आल्यापासून १४ दिवसांत कारण न सांगता करार मोडता येतो. हा कायदेशीर हक्क आहे. त्या १४ दिवसांत विक्रेत्याला कळवायचं, कळवल्यापासून आणखी १४ दिवसांत वस्तू पाठवायची. विक्रेत्याने पैसे परत करताना सुरुवातीच्या साध्या डिलिव्हरीचा खर्चही द्यायचा. परतीचं टपाल मात्र, विक्रेत्याने स्वतः उचललं नाही तर, तुमच्यावर. सील तोडलेलं सॉफ्टवेअर, सांगून बनवलेली वस्तू, नाशवंत माल आणि उघडलेल्या स्वच्छतेच्या वस्तू यातून वगळल्या आहेत. अ‍ॅमेझॉनची स्वतःची परतीची मुदत याहून मोठी असू शकते, पण ती वस्तूच्या प्रकारानुसार बदलते. ऑर्डरच्या पानावर शेवटची तारीख लिहिलेली असते, तीच पाहावी. गंमत अशी की अमेरिकेत ऑनलाइन खरेदी परत करण्याचा असा संघीय हक्कच नाही. तिथली सगळी सोय दुकानाच्या धोरणावर उभी आहे, आणि तरी लोकांना अमेरिका जास्त सैल वाटते. कारण तिथे परत करताना चेहऱ्यावर आठी येत नाही. फ्रान्समध्ये प्रत्यक्ष दुकानात घेतलेला शर्ट आवडला नाही म्हणून परत घ्यायला दुकानदार बांधील नाही. १४ दिवसांचा नियम दूरवरच्या खरेदीपुरता आहे, हे विसरू नये.

खरी ताकद आहे दोन वर्षांच्या कायदेशीर हमीत. एक उदाहरण घेऊन पाहू. तीनशे युरोंचा व्हॅक्यूम क्लीनर सतराव्या महिन्यात बंद पडला. डब्यावर उत्पादकाची वॉरंटी एक वर्षाची. अमेरिकेत बहुधा इथेच विषय संपतो. १९७५ चा मॅग्नुसन-मॉस कायदा वॉरंटी दिली तर ती कशी लिहावी हे सांगतो, अमुक इतकी वर्षं द्याच असं सांगत नाही. म्हणूनच तिथे काउंटरवर वाढीव वॉरंटी विकायचा एवढा आग्रह असतो. फ्रान्समध्ये वस्तू हाती आल्यापासून २४ महिन्यांत उघडकीला आलेला दोष खरेदीच्या वेळीच होता असं कायदा गृहीत धरतो. तो नव्हता हे सिद्ध करायचं काम विक्रेत्याचं. जबाबदारीही विक्रेत्याची, उत्पादकाची नाही.

पहिलं काम, ऑर्डरच्या पानावरून बिल उतरवून घ्या आणि त्यावर विक्रेता कोण आहे ते पाहा. दुसरं, चॅट सुरू करण्याआधी चार ओळी लिहून ठेवा: डिलिव्हरीची तारीख, नेमका बिघाड, तो कधी दिसला, आणि 'ग्राहक संहितेच्या एल २१७-३ आणि पुढच्या कलमांनुसार कायदेशीर हमीखाली दुरुस्ती किंवा बदली वस्तू हवी' हे वाक्य फ्रेंचमध्ये. उत्तरात उत्पादकाच्या सेवा केंद्राचा पत्ता मिळाला तर तिथे थांबू नका. तुम्ही उत्पादकाची वॉरंटी मागितलेली नाही, विक्रेत्याची कायदेशीर हमी मागितली आहे, हे पुन्हा लिहा. बहुतेक प्रकरणं याच वळणावर बिघडतात. ग्राहक 'वॉरंटी' एवढंच म्हणतो, समोरचा उत्पादकाची वॉरंटी समजतो, तारीख पाहतो आणि नकार देतो. दुरुस्ती किंवा बदली यातली निवड तुमची. एकाचा खर्च दुसऱ्याच्या मानाने अवाजवी असेल तरच विक्रेता ती बदलू शकतो. ३० दिवसांत काम झालं नाही तर किंमत कमी करून घेता येते किंवा वस्तू देऊन पैसे परत मागता येतात. पाठवण्याचा खर्च विक्रेत्याचा. दुरुस्त होऊन आलेल्या वस्तूची हमी आणखी सहा महिन्यांनी वाढते. वापरलेल्या वस्तूसाठी हेच गृहीतक १२ महिने चालतं.

यावरून एक सरळ सल्ला: खरेदी करताना सुचवली जाणारी दोन वर्षांची वाढीव वॉरंटी घेऊ नका. त्यातला बिघाडाचा भाग कायद्याने आधीच तुमचा आहे. पडून फुटणं किंवा चोरी यांचा विमा हवा असेल तर गोष्ट वेगळी.

खरेदीआधी पाहायची आणखी एक गोष्ट म्हणजे दहापैकी दिलेला दुरुस्तीयोग्यतेचा गुणांक. १ जानेवारी २०२१ पासून टीव्ही, लॅपटॉप, वॉशिंग मशीन अशा काही वस्तूंवर तो लावायला सुरुवात झाली, नंतर डिशवॉशर आणि व्हॅक्यूम क्लीनर त्यात आले. माहितीपत्रक उपलब्ध आहे का, वस्तू उघडायला किती सोपी, सुटे भाग मिळतात का, त्यांची किंमत काय आणि त्या प्रकारच्या वस्तूचा एक खास निकष, असे पाच निकष, प्रत्येकाला २० गुण. टीव्ही आणि वॉशिंग मशीनसाठी २०२५ पासून त्याची जागा टिकाऊपणाच्या गुणांकाने घेतली. साइटवर हा गुणांक किमतीच्या जवळ असायला हवा. तो कुठेच नसेल तर तो विक्रेता इतर नियमही पाळत नसण्याची शक्यता बरीच आहे.

इथून पुढची सगळी गोची मार्केटप्लेसची, म्हणजे अ‍ॅमेझॉनच्या साइटवर बाहेरचे विक्रेते विकतात त्या मालाची. पानावर 'कोण विकतो' आणि 'कोण पाठवतो' या दोन वेगळ्या ओळी असतात. पार्सल अ‍ॅमेझॉनच्या गोदामातून आलं म्हणून विक्रेता अ‍ॅमेझॉन होत नाही. दोन वर्षांची हमी त्या बाहेरच्या विक्रेत्यावर पडते, आणि तो चीनमधल्या शेनझेनमध्ये बसला असेल तर कागदावरचा हक्क वसूल कुणाकडून करणार? अशा वेळी कंपनीची ए-टू-झेड हमी, म्हणजे बाहेरच्या विक्रेत्याने दाद दिली नाही तर अ‍ॅमेझॉनकडून पैसे परत मिळण्याची सोय, कामाला येते. तिची मुदत डिलिव्हरीच्या अंदाजित शेवटच्या तारखेपासून ९० दिवस. म्हणजे पहिले तीन महिने अमेरिकी उदारता तुम्हाला सांभाळते, त्यानंतर फ्रेंच कायद्याची ढाल असते, पण ती धरायला समोर माणूस हवा. शंभर युरोंच्या वरची विजेवर चालणारी कुठलीही वस्तू अ‍ॅमेझॉन स्वतः विकत असेल किंवा विक्रेत्याच्या पानावर युरोपातला पूर्ण पत्ता आणि नोंदणी क्रमांक असेल तरच घ्यावी. दहा-वीस युरो वाचवायला हा नियम मोडू नये. पार्सलमधलं माहितीपत्रक फ्रेंचमध्ये नसेल तर त्याचा फोटो काढून ठेवा. ४ ऑगस्ट १९९४ च्या कायद्याने ते फ्रेंचमध्ये देणं सक्तीचं आहे आणि तक्रारीत हा मुद्दा वजन टाकतो.

मार्केटप्लेसवर विक्री करणाऱ्यांसाठीही दोन देशांतला फरक जाणवण्यासारखा आहे. 'आम्ही या अटी केव्हाही बदलू शकतो' हे वाक्य अमेरिकी ऑनलाइन करारांत इतकं रुळलंय की कुणी थांबून वाचत नाही. फ्रेंच व्यापारी कायद्यात दोन पक्षांच्या हक्क-जबाबदाऱ्यांमध्ये ढळढळीत असमतोल असेल तर ते कलमच बेकायदा ठरतं, दोन्ही बाजू धंदेवाईक असल्या तरी. याच आधारावर सप्टेंबर २०१९ मध्ये पॅरिसच्या व्यापारी न्यायालयाने अ‍ॅमेझॉनला ४० लाख युरो दंड केला आणि विक्रेत्यांच्या करारातली अनेक कलमं बदलायला लावली. नोटीस न देता अटी बदलणं किंवा खातं बंद करणं हा त्यातला मुख्य आक्षेप. त्याच वर्षी फ्रान्सने मोठ्या डिजिटल कंपन्यांवर ३ टक्के कर लावला. अ‍ॅमेझॉनने १ ऑक्टोबर २०१९ पासून फ्रेंच विक्रेत्यांचं कमिशन तेवढ्याच प्रमाणात वाढवलं. कर बसवणाऱ्याच्या डोक्यात कंपनी होती, बिल गेलं छोट्या विक्रेत्याकडे.

कंपनीला घाऊक माल पुरवणाऱ्याने दोन आकडे ध्यानात ठेवावेत. बिलाच्या तारखेपासून ६० दिवस, किंवा करारात तसं लिहिलं असेल तर महिनाअखेर धरून ४५ दिवस, ही पैसे देण्याची कायदेशीर कमाल मर्यादा आहे. उशीर झाला तर व्याजाशिवाय प्रत्येक बिलामागे ४० युरो वसुलीखर्च आपोआप लागतो. अमेरिकेत खासगी कंपन्यांमध्ये ९० दिवसही कराराने चालतात. दुसरं, फ्रेंच किरकोळ व्यापारात पुरवठादाराशी वार्षिक लेखी करार १ मार्चपर्यंत व्हावा लागतो. वर्षभर केव्हाही दर खाली खेचायच्या सवयीने आलेला अमेरिकी खरेदी-व्यवस्थापक आणि फेब्रुवारीच्या अखेरीस टेबलावर अडून बसलेला फ्रेंच पुरवठादार, यांची गाठ पडली की दोघांनाही दुसरा वेडा वाटतो.

प्राइमबद्दल फार सांगण्यासारखं नाही. फ्रान्समधली वर्गणी सप्टेंबर २०२२ मध्ये ४९ वरून ६९.९० युरो झाली. अमेरिकेत त्याच वर्षी १३९ डॉलर. सदस्यत्व सोडणं १ जून २०२३ पासून सोपं आहे, कारण ऑनलाइन केलेले करार ऑनलाइनच, साइटवरच्या ठळक बटणाने मोडता यावेत असा फ्रेंच कायदा झाला. अमेरिकेत याच जून महिन्यात फेडरल ट्रेड कमिशनने ग्राहकांना प्राइममध्ये अडकवल्याचा आणि बाहेर पडणं अवघड केल्याचा खटला भरला, आणि सप्टेंबर २०२५ मध्ये तो २.५ अब्ज डॉलरच्या तडजोडीवर मिटला. एका देशाने आधी नियम केला, दुसऱ्याने नंतर वसुली केली. रोजच्या ग्राहकाला पहिली पद्धत जास्त उपयोगी पडते असं आमचं मत आहे; तडजोडीचे पैसे वाटले जाईपर्यंत माणसाला त्या वर्गणीची आठवणही राहत नाही.

पार्सल घरी येतं त्यामागच्या गोदामांबद्दल बोलल्याशिवाय सेवेचं परीक्षण पुरं होत नाही, कारण तिथलेच नियम कधीकधी डिलिव्हरीवर येऊन आदळतात. एप्रिल २०२० मध्ये स्युद कामगार संघटनेच्या दाव्यावर नॉन्तेरच्या न्यायालयाने आदेश दिला: कोरोनाच्या धोक्याचं मूल्यमापन कर्मचारी प्रतिनिधींना सोबत घेऊन करा, तोवर अन्न, स्वच्छता आणि औषधोपचाराच्या वस्तूच पाठवा, नाहीतर प्रत्येक उल्लंघनामागे दिवसाला दहा लाख युरो. अपिलात रक्कम एक लाखावर आली आणि यादी थोडी वाढली, पण प्रतिनिधींना सोबत घ्या हा मूळ आदेश कायम राहिला. कंपनीने सारां, मोंतेलिमार, बोव, ब्रेतिन्यीसह सहाही मोठी गोदामं बंद ठेवली आणि ती १९ मे रोजी उघडली. अमेरिकी व्यवस्थापनाला यातलं काय कळत नाही, ते समजून घेण्यासारखं आहे. मास्क, अंतर, सॅनिटायझर असे उपाय त्यांनी केले होते. आक्षेप होता तो कर्मचारी समितीला विचारात न घेता केले याला. फ्रान्समध्ये ११ किंवा जास्त कर्मचारी असलेल्या आस्थापनेत ही निवडून आलेली समिती असते. ५० किंवा जास्त झाल्यावर कामाच्या पद्धतीतल्या महत्त्वाच्या बदलाआधी तिचं मत रीतसर घ्यावं लागतं. घाईत ही पायरी गाळली, तर निर्णय योग्य असूनही अडकतो.

दुसरा प्रसंग मोजमापाचा. फ्रान्सच्या क्नील या डेटा-संरक्षण आयोगाने डिसेंबर २०२३ मध्ये अ‍ॅमेझॉनच्या गोदाम चालवणाऱ्या फ्रेंच कंपनीला ३.२ कोटी युरोंचा दंड सुनावला. कामगाराच्या हातातला स्कॅनर काय काय नोंदवत होता ते पाहा. आधीच्या वस्तूनंतर १.२५ सेकंदांच्या आत पुढची स्कॅन केली तर चूक, कारण इतक्या घाईत नीट तपासलं नसणार. स्कॅनर दहा मिनिटं थांबला तर नोंद. एक ते दहा मिनिटांमधला खंड पडला तरी वेगळी नोंद. हे तपशील प्रत्येक कामगारामागे ३१ दिवस जपले जात. आयोगाचा आक्षेप कामाचं मोजमाप करण्यालाच नव्हता. इतक्या बारीक पातळीवर माणसाला प्रत्येक थांब्याचा जाब द्यावा लागेल अशी व्यवस्था त्याला अति वाटली. अमेरिकी कामकाजात आकडा हा निःपक्ष मानतात, सगळ्यांना एकच पट्टी. फ्रेंच कामगार कायद्यात कामाच्या वेळातही माणसाची काही खासगी जागा शिल्लक राहते. आम्हाला इथे आयोगाची बाजू पटते. पार्सल उद्याऐवजी परवा आलं तर कुणाचं काही बिघडत नाही.

डिलिव्हरी स्वतः चोख आहे. शहरात घरी थांबता येत नसेल तर लॉकर किंवा 'प्वँ रले', म्हणजे पार्सल ठेवून घेणारं जवळचं दुकान निवडावं. उचलताना ओळखपत्र लागतं. ऑगस्टमध्ये मात्र लॉकरच बरा, कारण अशी छोटी दुकानं दोन-तीन आठवडे सुट्टीवर जातात आणि बरीच दुकानं एरवीही सोमवारी किंवा दुपारी बंद असतात.

आणि बिनसलंच तर? अमेरिकी सवयीने पहिला हात क्रेडिट कार्ड कंपनीकडे जातो. फ्रान्समध्ये बहुतेकांची कार्डं थेट खात्यातून पैसे वळते करणारी असतात, आणि वस्तू सदोष निघाली एवढ्यावर बँक सहसा रक्कम उलटी फिरवत नाही. तिथे कागदाचा मार्ग चालतो. चॅटचा मजकूर जपून ठेवा. मग मागणी, कलम आणि मुदत लिहून पोचपावतीसह रजिस्टर्ड पत्र पाठवा. ईमेलपेक्षा हे पत्र कंपनीत वेगळ्या टेबलावर जातं. सरकारी सिग्नाल-कॉन्सो साइटवर तक्रार नोंदवली तर ती विक्रेत्याला आणि ग्राहक-संरक्षण खात्याला दोघांनाही दिसते. दोन महिन्यांत उत्तर आलं नाही किंवा नकार आला तर ग्राहक-मध्यस्थाकडे जा. प्रत्येक व्यावसायिकाने असा मध्यस्थ नेमून त्याचा पत्ता साइटच्या अटींमध्ये द्यावाच लागतो, ग्राहकाला ही सेवा मोफत असते, आणि पहिल्या लेखी तक्रारीपासून वर्षाच्या आत अर्ज करावा लागतो. पूर्ण फाइल मिळाल्यापासून मध्यस्थाला ९० दिवस असतात. त्याचा तोडगा मानणं कुणावर बंधनकारक नाही. त्यापुढे न्यायालय. ५,००० युरोंपर्यंतच्या दाव्यात आधी समेटाचा प्रयत्न झाल्याचा पुरावा मागतात, आणि मध्यस्थाकडे गेल्याचा कागद त्यासाठी चालतो. मध्यस्थ टाळायचा असेल तर न्यायालयाने नेमलेला समेट-अधिकारीही आहे. तोही फुकट असतो, आणि त्याची भेटीची वेळ बहुतेक गावांत नगरपालिकेच्या कार्यालयात मिळते.